विलायतेला धाडलेलं पोर

मुंबईत सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत निघालं की डाव्या हाताला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार लागतं. आत झाडांच्या गर्दीत एक जुना लाकडी बंगला आहे आणि रुडयार्ड किपलिंगचा जन्म इथे झाला, असं सांगणारी पाटी आहे. पाटी जागेपुरती खरी. बंगला मात्र किपलिंग कुटुंब मुंबई सोडून गेल्यानंतरचा. ३० डिसेंबर १८६५ रोजी ज्या घरात तो जन्मला, ते घर केव्हाच नाहीसं झालं.

या माणसाचं काय करायचं, हे आपल्याला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मोगली आणि शेरखान आपल्या घराघरांत पोचले आहेत. ते कुणाचे, असं विचारायची गरज मुलांना पडत नाही. १९०७ साली साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा किपलिंग एक्केचाळीस वर्षांचा होता. इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळालेलं ते पहिलं साहित्याचं नोबेल, आणि इतक्या तरुण वयात ते त्यानंतरही कुणाला मिळालेलं नाही. दुसरीकडे, गोऱ्यांनी काळ्या-सावळ्या जगावर राज्य करणं हे जणू त्यांच्या खांद्यावरचं पवित्र ओझं आहे, असं सांगणारी कविताही याचीच. साम्राज्याचा भाट हे बिरुद त्याला उगाच चिकटलेलं नाही. पण त्याच साम्राज्याच्या एका रिवाजाने या भाटाचं बालपण मोडून टाकलं होतं, हे त्याच्या कवितांइतकं माहीत नसतं.

त्याचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग हे यॉर्कशरमधल्या एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. शिल्पकार, चित्रकार, हाताने काहीही घडवू शकणारा माणूस. आई ॲलिस मॅकडोनल्ड बोलण्यात तल्लख आणि बहिणींच्या बाबतीत श्रीमंत. तिची एक बहीण जॉर्जियाना नामवंत चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची पत्नी, दुसरी ॲग्नेस एडवर्ड पॉइंटर या चित्रकाराची. तिसरी लुईसा, जिचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन पुढे तीनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. लॉकवूड आणि ॲलिसची गाठ पडली ती स्टॅफर्डशरमधल्या रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी. त्या आठवणीखातर मुलाचं नाव तलावावरून ठेवलं. आपल्याकडे कुणी हौसेने मुलाचं नाव खडकवासला ठेवावं, तसलाच हा प्रकार.

मार्च १८६५ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि मे महिन्यात ते मुंबईत उतरले. मुहूर्त वाईट निघाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता. इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र बुजवून जमिनी करायच्या कंपन्यांचे शेअर कल्पनेपलीकडे चढले. त्या वसंतात युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ रोजी सगळा डोलारा कोसळला. मोठमोठे सावकार, बँका आणि प्रेमचंद रायचंदांसारखे बाजाराचे राजे रस्त्यावर आले. जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून १८५७ साली निघालेल्या कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवायला आलेल्या तरुण मास्तरांना या पुराचा पैसा दिसला नाही, पण त्या पैशातून आणि त्याच्या ऊर्मीतून उभ्या राहत असलेल्या शहरावर कोरीवकाम करायला मिळालं. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची दगडातली शेतकरी माणसं लॉकवूडच्या हातची आहेत. आजही मान वर केली की दिसतात. वर करतं कोण, हा भाग वेगळा. त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स यांनी पुढे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या.

अशा घरात रुडयार्ड वाढला, पण वाढवला नोकरांनी. आत्मचरित्र त्याने अगदी अखेरीस लिहिलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या सुरुवातीला आई-वडील येतात त्याआधी येते ती पहाटेची मंडई. लहान मुलाच्या खांद्याच्या उंचीला रचलेली फळं, त्यांचे रंग, आणि सोबत आया. या आयेला तो पोर्तुगीज रोमन कॅथलिक म्हणतो. साहेबांच्या त्या काळच्या बोलण्यात पोर्तुगीज म्हणजे बहुधा गोव्याची किंवा वसई-साष्टीकडची ख्रिस्ती बाई. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती थांबून प्रार्थना करी आणि पोरगं शेजारी उभं राही. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळात घेऊन जाई. जातीच्या नियमांत बसायचं वय नसल्यामुळे साहेबाचं पोर थेट आत जाई, मीताचं बोट धरून अंधारातल्या देवांकडे बघत राही. त्या देवांची त्याला भीती वाटली नाही, ते त्याला मित्रासारखे वाटले. संध्याकाळी समुद्रकाठी प्रार्थनेला आलेले पारशी त्याने पाहिले. आईला एकदा बागेत पारशांच्या दखम्यावरून गिधाडाने आणून टाकलेला लहान मुलाचा हात सापडला. आईने त्याबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत असं बजावलं. पोराला तो हात बघायचा होता, आणि तो कुठून आला हे आयेने त्याला सांगूनही टाकलं.

दुपारी ऊन चढलं की आया किंवा मीता गोष्टी सांगत, गाणी म्हणत. मग मुलांना कपडे घालून जेवणघरात पाठवायचं आणि पाठवताना बजावायचं, आता आई-बाबांशी इंग्रजीत बोला. पोर इंग्रजी बोले, पण अडखळत. जी भाषा डोक्यात आणि स्वप्नात चाले, ती नोकरांची. तिचं तो मनातल्या मनात भाषांतर करी. साहेबाच्या मुलांसाठी ही सर्वसाधारण गोष्ट होती. फरक इतकाच की या मुलाने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. कुटुंबात एक गोष्ट सांगितली जाई. नाशिकला गेले असताना छोटा रुडयार्ड एका शेतकऱ्याचा हात धरून नांगरटीतून चालू लागला आणि मागे वळून आईला देशी भाषेत ओरडून म्हणाला, हा माझा भाऊ आहे, मी निघालो.

हे चित्र गोड आहे, पण अर्धं. या पोराला सगळे नोकर सलाम करत, त्याची लहर सांभाळत. राज्य कुणाचं आहे हे त्याला चालायला लागण्याआधी कळलं असणार. १८६८ साली धाकटी बहीण ॲलिस, घरची ट्रिक्स, हिच्या जन्मासाठी आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली, तेव्हा याचा प्रत्यय बूडली गावातल्या आजोळच्या मंडळींना आला. अडीच वर्षांचं हे पोर रस्त्याने ओरडत जाई, बाजूला व्हा, रागावलेला रडी येतोय! रडी हे त्याचं घरातलं नाव. किंकाळ्या, हट्ट, दारं आपटणं. बिचारे म्हातारे आजी-आजोबा जेरीस आले. पाहुणे मुंबईला परतल्यावर घराने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचा परिणाम तीन वर्षांनी दिसणार होता.

हिंदुस्थानातल्या इंग्रज कुटुंबांत मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला विलायतेला पाठवायचं, हा अलिखित कायदा होता. कॉलरा आणि तापाची भीती खरी होती. किपलिंग दांपत्याचं तिसरं मूल १८७० मध्ये जन्मताच गेलं होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. इथे राहिलेलं मूल नोकरांच्या भाषेत विचार करू लागेल, त्याच्या इंग्रजीला देशी हेल लागेल, उद्या ते राज्यकर्त्यासारखं दिसेल पण वागणार नाही, ही भीतीही होतीच. राज्य करायचं तर राज्यकर्त्यांची मुलं प्रजेपासून वेळीच तोडायला हवीत. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडल्यापासून ती पाठवणंही सोपं झालं होतं.

१८७१ साल. पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावात कॅम्पबेल रोडवर ‘लॉर्न लॉज’ नावाचं अरुंद घर. व्यापारी जहाजांवरचे निवृत्त कॅप्टन होलोवे, त्यांची पत्नी सारा आणि बारा वर्षांच्या आसपासचा मुलगा हॅरी तिथे राहत. हिंदुस्थानातल्या साहेबांची मुलं पैसे घेऊन सांभाळतो, अशी त्यांची जाहिरात होती आणि ॲलिसला ते घर त्या जाहिरातीतूनच सापडलं. रुडयार्ड सहावं वर्ष पुरं करत होता, ट्रिक्स तीन-साडेतीन वर्षांची. आई-वडील एके दिवशी निरोप न घेता निघून गेले. सांगून गेलं तर मुलं रडतील, म्हणून न सांगता जायचं, असा त्या काळच्या इंग्रज आई-बापांना सल्ला असे.

इंग्लंडमध्ये सख्ख्या मावश्या असताना मुलं परक्यांकडे का ठेवली, याचं समाधानकारक उत्तर चरित्रकारांना अजून देता आलेलं नाही. बहिणींना ओझं नको, असं आईचं म्हणणं होतं. बूडलीच्या त्या धिंगाण्याची आठवण ताजी होती, हेही त्यात असणार.

कॅप्टन होलोवे मायाळू होते. तरुणपणी १८२७ च्या नॅव्हरिनोच्या आरमारी लढाईत असलेला हा म्हातारा मुलाला बंदरात जहाजं बघायला नेई. पण काही वर्षांत ते वारले आणि घर पूर्णपणे होलोवे बाईंच्या हाती आलं. बाई कडव्या इव्हँजेलिकल पंथाच्या होत्या. नरकाचं नावही न ऐकलेल्या पोराला तिथल्या ज्वाळांचं सविस्तर वर्णन ऐकायला मिळालं. चुकीला मार, आणि मारापेक्षा वाईट ती उलटतपासणी. दिवसभरात काय केलं हे पुन्हा पुन्हा विचारायचं, थकलेल्या मुलाच्या उत्तरात विसंगती सापडली की ते खोटं, आणि खोट्याला पुन्हा मार. हॅरी त्याच खोलीत झोपे. तो रात्री चौकशी सुरू ठेवी आणि सकाळी अहवाल आईकडे पोचवी. ट्रिक्स मात्र बाईंची लाडकी होती. भावाला मारलं की ती त्याच्या बाजूने उभी राही, हे त्या चिमुरडीचं धाडसच म्हणायचं. तिच्या आठवणीप्रमाणे बाईंनी मुलांना सांगितलं होतं की तुम्ही वाईट वागता म्हणून आई-बाप तुम्हाला टाकून गेले. कुणी नाकारायचं?

या घराला किपलिंगने पुढे ‘उजाड घर’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते चरित्रांमध्ये रूढ झालं.

वाचायला तो उशिरा शिकला, पण एकदा अक्षरांचा अर्थ लागतो हे कळल्यावर त्याने घरातलं मिळेल ते वाचून काढलं. वडील मुंबईहून पुस्तकं पाठवत, त्यात ‘रॉबिन्सन क्रूसो’ होतं. वाचनाचा आनंद होतो हे बाईंच्या लक्षात आलं, तसं वाचन बंद करणं हीच शिक्षा झाली. तळघरातल्या बुरसट खोलीत त्याने लाल दोरीला बांधलेली नारळाची करवंटी, पत्र्याची पेटी आणि एक खोकं यांच्यावर आपलं बेट उभारलं आणि क्रूसोसारखा तो एकट्याने व्यापार करू लागला. नारळ ही मुंबईच्या पोराच्या ओळखीची वस्तू. तिथे साउथसीत ती कुठून आली असेल, देव जाणे.

वर्षातला एक महिना सुटका होती. डिसेंबरमध्ये तो एकटा लंडनला, जॉर्जियाना मावशीच्या फुलमच्या घरी जाई. ‘द ग्रेंज’ नावाच्या त्या घरात रंगांचा वास, अर्धवट रंगवलेली चित्रं, मावसभावंडं, आणि येणारी-जाणारी माणसंही तशीच. त्यातल्या विल्यम मॉरिस या कवी-कारागिराला मुलं टॉप्सी काका म्हणत. एका संध्याकाळी हा काका खेळण्यातल्या लाकडी घोड्यावर बसून डुलत डुलत आइसलंडची एक जुनी गाथा सांगत राहिला. किपलिंगला दारावरची घंटा ओढायचा लोखंडी दांडा आठवत असे. तो ओढला की आनंदाच्या घरात शिरायला मिळे. बऱ्याच वर्षांनी तो दांडा त्याने मागून घेतला आणि ससेक्समधल्या आपल्या घराच्या दारावर लावला.

मग मावशीला त्याने सांगितलं का नाही? आजी आणि मावश्या साउथसीला येऊन पाहूनही गेल्या होत्या; त्यांना सगळं ठीक दिसलं. यावर किपलिंगने म्हातारपणी दिलेलं उत्तर साधं आहे. मुलं सांगत नाहीत. जे घडतं ते असंच कायमचं ठरलेलं असतं, असं त्यांना वाटतं. शिवाय तुरुंगातून बाहेर पडायच्या आधी तिथली गुपितं फोडली तर काय होईल, याचीही कल्पना त्यांना असते.

त्यातच त्याची नजर अधू होत होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. फळा दिसेना, अभ्यास बिघडला. एका महिन्याचा शाळेचा अहवाल इतका वाईट होता की त्याने तो फेकून दिला आणि मिळालाच नाही म्हणून सांगितलं. ते उघडकीला आल्यावर चोप तर मिळालाच; वर पाठीवर ‘खोटारडा’ असा फलक लावून साउथसीच्या रस्त्यांतून शाळेत पाठवण्यात आलं. शेवटी त्याला नसलेल्या सावल्या, नसलेल्या वस्तू दिसू लागल्या. अखेर कुणीतरी मावशीला कळवलं, डॉक्टर आले, मुलगा जवळजवळ आंधळा झालाय हे उमगलं आणि १८७७ च्या वसंतात ॲलिस घाईने इंग्लंडला पोचली. पहिल्या रात्री ती मुलाचा पापा घ्यायला वाकली, तर थप्पड येणार म्हणून त्याने हात वर करून तोंड झाकलं. ही आठवण आईनेच नंतर त्याला सांगितली.

इथे ही गोष्ट संपवली तर बरी दिसते. पण ॲलिसने ट्रिक्सला पुढे पुन्हा त्याच होलोवे बाईंकडे ठेवलं, हेही खरं आहे. १८८० मध्ये बहिणीला आणायला रुडयार्ड त्या घरी गेला, तेव्हा तिथे राहायला आलेल्या फ्लो गॅरार्ड नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम बसलं. चौदा वर्षांचा होता. बाईंनी ट्रिक्सला नीट वागवलं, मग आईने त्यांना राक्षसीण का मानावं? की सोयीचं पडेल तेवढंच माणूस मानतं? रुडयार्डने अतिशयोक्ती केली असा संशय काही चरित्रकारांना आहे. ट्रिक्सने स्वतःच्या आठवणी १९३९ मध्ये छापल्या, त्यात तिने भावाचं म्हणणं जवळजवळ पूर्ण उचलून धरलं. लाडक्या मुलीची ही साक्ष मला जास्त वजनदार वाटते.

पुढची वर्षं भरभर गेली. एपिंगच्या जंगलाकाठी आईबरोबर मोकाट उन्हाळा, नाकावर चष्मा. मग जानेवारी १८७८ पासून डेव्हनमधली युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज ही शाळा. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी कमी खर्चात काढलेली, समुद्राच्या वाऱ्यात उघडी पडलेली. हेडमास्तर कॉर्मेल प्राइस बर्न-जोन्सचे मित्र. चष्म्यामुळे मुलं रुडयार्डला ‘गिगर’ म्हणत. पहिलं वर्ष छळाचं गेलं. मग डन्स्टरव्हिल आणि बेरेसफोर्ड हे दोन मित्र मिळाले, तिघांच्या उचापतींवर पुढे ‘स्टॉकी अँड कंपनी’ हे पुस्तक झालं. प्राइसनी त्याला आपली पुस्तकांची खोली मोकळी करून दिली आणि शाळेच्या नियतकालिकाचं संपादन सोपवलं. तिकडे आईने १८८१ मध्ये त्याच्या कविता त्याला न सांगता लाहोरला छापून घेतल्या. डोळ्यांमुळे सैन्य नाही, पैशांअभावी ऑक्सफर्ड नाही. वडील १८७५ पासून लाहोरला कलाशाळेचे प्राचार्य आणि म्युझियमचे प्रमुख होते. त्यांनी तिथल्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या वर्तमानपत्रात नोकरी लावून दिली.

१८ ऑक्टोबर १८८२ रोजी सोळा वर्षांचा, गालावर दाढीचे कल्ले राखलेला किपलिंग मुंबईच्या धक्क्यावर उतरला. लाहोरला जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी बाजारातले वास आणि आवाज अंगावर आले आणि त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्यं बाहेर पडू लागली. ती वाक्यं तो बोलत होता, पण त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. नोकरांची भाषा अकरा वर्षं साउथसीच्या आणि डेव्हनच्या शाळांतून टिकून राहिली होती. साम्राज्याच्या रिवाजाने जे तोडायचं ठरवलं होतं, ते तुटलं नव्हतं. त्याच्या आधारावर पुढची सात वर्षं पंजाबात आणि अलाहाबादेत तो हिंडला, ऐकत राहिला, लिहीत राहिला. लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला अनाथ गोरा पोरगा ‘किम’ आणि लांडग्यांनी सांभाळलेला मोगली यांची बीजं तिथलीच. आई-बापांनी सोडलेली, इतरांनी वाढवलेली मुलं त्याच्या लेखनात इतकी का, हे आता वेगळं सांगायला नको. आणि तरी त्याच लेखणीने राज्यकर्त्यांचं कौतुक केलं, शिकलेल्या हिंदी माणसाची थट्टा केली. मीताचं बोट धरणारं पोर मोठेपणी मीताच्या मुलाला खुर्चीत बसलेलं बघू शकत नव्हतं.

१८८८ मध्ये अलाहाबादेत हिल दांपत्याकडे राहत असताना त्याने ‘बा बा ब्लॅक शीप’ ही कथा लिहिली. पंच आणि ज्युडी ही दोन भावंडं, मुंबईतलं घर, आया, सुरती नोकर मीता, आणि मग विलायतेतली रोझा मावशी. उघडउघड लॉर्न लॉज. कथा त्या वर्षीच्या नाताळात छापून आली. लाहोरला ती आई-वडिलांच्या हाती पडली, तेव्हा त्यांना सगळं कळलं. ट्रिक्सने नंतर लिहिल्याप्रमाणे, हे वाढवून सांगितलंय, इतकं वाईट नव्हतं, असं तिच्याकडून वदवून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांचं मन राखायलाही तिला ते म्हणता आलं नाही.

लवकरच ती कथा ‘वी विली विंकी’ या संग्रहात आली. ए. एच. व्हीलर कंपनीने रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलसाठी काढलेल्या मालेतलं हे पुस्तक, किंमत एक रुपया. मालेतल्या इतर पुस्तकांप्रमाणे याचंही मुखपृष्ठ लाहोरच्या कलाशाळेत तयार झालं आणि चित्र काढलं जॉन लॉकवूड किपलिंग यांनी.